तरंगलांबी माहीत असेल तर फोटॉनचा (प्रकाशाच्या कणाचा) संवेग कसा काढायचा? वस्तुमान तर शून्य आहे!

प्लांकच्या स्थिरांकाला तरंगलांबीने भागा, तोच फोटॉनचा संवेग. वस्तुमान या सूत्रात येतच नाही. ‘वस्तुमान गुणिले वेग’ हे सूत्र प्रकाशाच्या तुलनेत सावकाश जाणाऱ्या वस्तूंसाठी आहे. फोटॉनची ऊर्जा म्हणजे संवेग गुणिले प्रकाशाचा वेग, आणि तीच ऊर्जा प्लांकचा स्थिरांक गुणिले वारंवारता एवढीही असते. दोन्ही समान मांडलं आणि प्रकाशाचा वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी हे वापरलं की वरचं सूत्र आपोआप निघतं.

समजा, तुम्ही कॉलेजच्या लॅबमधल्या सोडियम दिव्याचा पिवळा प्रकाश घेतलाय, म्हणजे ५८९ नॅनोमीटर:

स्थिरांक: ६.६३ × १० चा −३४ वा घात, ज्यूल-सेकंद
तरंगलांबी: ५.८९ × १० चा −७ वा घात, मीटर
संवेग: सुमारे १.१३ × १० चा −२७ वा घात, किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद

मी दादरला बारावीचं फिजिक्स शिकवते. मुलांचे मार्क सूत्रात क्वचितच जातात, नॅनोमीटरचे मीटर करायचे राहिले की जातात. तेवढं आधी करा.

हा संवेग नुसता कागदावरचा नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांनी १९२३ मध्ये दाखवलं की इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरलेल्या क्ष-किरणांची तरंगलांबी वाढते, आणि ती नेमकी किती वाढते हे फोटॉनला असाच संवेग आहे असं धरल्यावरच जुळतं.

एक अट मात्र पाळा. तरंगलांबी निर्वातातली घ्या (हवेत फरक नगण्य). काचेत किंवा पाण्यात ती कमी होते, तो आकडा इथे घालू नका.