स्वित्झर्लंडमध्ये हाताशी एकच दिवस उरलाय आणि नेमका पाऊस आहे. आई-बाबांना घेऊन कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की मुक्काम तळ्याकाठच्या माँत्रोला आहे, आई-बाबा सत्तरीच्या घरात आहेत, उद्या दिवसभर पाऊस सांगितलाय आणि बर्फाचं शिखर रद्द केलं तर दिवस फुकट जाईल अशी भीती वाटतेय. नाही जाणार. ढगात उभं राहून समोरचा पांढरा पडदा बघायला एवढं महागाचं तिकीट काढू नका. त्यापेक्षा ग्रुयेर या किल्ल्याच्या गावी जा.

मी चार वर्षं लोझानला नोकरीला होते. आई-बाबा आले तेव्हा आम्हीही असेच पावसात अडकलो होतो आणि असेच ग्रुयेरला गेलो. त्या सबंध सहलीतला बाबांचा सगळ्यांत आवडता दिवस तोच ठरला.

माँत्रोहून डोंगरात चढणारी छोटी गाडी पकडायची, माँबोव्हाँला बदलायची आणि ग्रुयेर स्टेशनवर उतरायचं. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर वेगळं तिकीट लागत नाही. गाडी वळणं घेत तळ्यापासून वर वर जाते, मग एक लांब बोगदा लागतो आणि पलीकडे एकदम गायरानं, लाकडी घरं, गाईंच्या गळ्यातल्या घंटा. खिडकी सोडू नका. गाव मात्र स्टेशनला लागून नाही, टेकडीवर आहे. पायी पंधरा-वीस मिनिटांचा चढ आहे. आई-बाबांना पावसात तो चढायला लावू नका, बसची वेळ आधी बघून ठेवा.

गाव म्हणजे खरं तर एकच रुंद रस्ता. मध्ये कारंजं, दोन्ही बाजूंना जुनी दगडी घरं, आणि त्या घरांच्या मागच्या भिंती हीच गावाची तटबंदी. गाड्यांना बंदी आहे. रस्त्यात धान्य मोजायची दगडी मापं आहेत, एकाच दगडात कोरलेली. बाबा तिथे छत्री माझ्या हातात देऊन वाकले आणि मापाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. आमच्या गावच्या घरी पायली आणि अधोली होती, ती कुठे गेली, हे त्यांना तिथे आठवलं.

रस्त्याच्या टोकाला किल्ला. तेराव्या शतकाच्या शेवटी, १२७० ते १२८२ च्या सुमारास बांधलेला, चौकोनी, कोपऱ्यात गोल बुरूज. इथे एकोणीस काउंट, म्हणजे जहागीरदार, होऊन गेले. शेवटचा मिशेल कर्जात इतका बुडाला की १५५४ साली त्याचं दिवाळं निघालं, आणि बर्न व फ्रिबूर या सावकार शहरांनीच त्याची जहागीर वाटून घेतली. पुढे १८४९ मध्ये जिनिव्हाच्या बोवी घराण्याने किल्ला विकत घेतला, चित्रकार मित्रांना राहायला बोलावलं, खोल्या रंगवून घेतल्या. १९३८ पासून तो फ्रिबूर प्रांताच्या ताब्यात आहे आणि आता तिथे संग्रहालय आहे. म्हणून तो टिकला. छपरासकट टिकला.

हे छप्पर मला फार महत्त्वाचं वाटतं. बाबा आम्हाला दर पावसाळ्यात गडावर न्यायचे. आपल्या गडावर पाऊस अंगावर घेऊनच गड बघायचा असतो, कारण वर फक्त आभाळ. रायगडावरचे वाडे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी पेटले, आता उरलीत ती जोती. सदर इथे, कोठार तिथे, हे बाबा हातवारे करून दाखवायचे आणि बाकीचं आम्ही मनाने बांधायचो. ग्रुयेरला पहिल्यांदाच ते किल्ल्याच्या आत, कोरड्यात उभे होते. बाहेर कौलांवर पाऊस वाजतोय, खालचं खोरं दिसत नाहीये, दगडी भिंत हाताला गार लागतेय. कडक उन्हात आलो असतो तर बाग बघून, फोटो काढून तासाभरात निघालो असतो. पावसामुळे तीन तास थांबलो.

सरदारांच्या दालनात भिंतीभर चित्रं आहेत, एकोणिसाव्या शतकात काढलेली, काउंटांच्या दंतकथा सांगणारी. इथली सगळ्यांत लाडकी दंतकथा बायकांची आहे. बर्नचे लोक चालून आले, गावातले पुरुष कमी पडले, तेव्हा बायकांनी रात्री बकऱ्यांच्या शिंगांना पेटत्या मेणबत्त्या बांधल्या आणि कळप शत्रूच्या अंगावर सोडला. भुतंखेतं आली असं वाटून शत्रू पळाला. मी हे वाचून मराठीत सांगत होते, ते पुरं व्हायच्या आतच बाबा मोठ्यांदा म्हणाले, "अगं, हा तर कात्रजचा घाट!" पहारेकरी वळून बघायला लागला. बाबांनी त्याला मोडक्या इंग्रजीत शाहिस्तेखान, लाल महाल, बैलांच्या शिंगांना बांधलेले पोत, सगळं सांगितलं. तो माणूस पूर्ण वेळ हात मागे बांधून ऐकत होता. तुमच्या बाबांनाही तिथे ही गोष्ट आधी सांगा आणि त्यांचा चेहरा बघा.

१४७६ च्या मुर्टनच्या लढाईत स्विसांनी हरवलेल्या बर्गंडीच्या ड्यूक चार्ल्सच्या गोटातून मिळालेली लूटही इथे आहे, शोकविधीसाठी धर्मगुरू घालायचे ते भरजरी झगे. त्या खोलीत उजेड मंद असतो, डोळे सरावायला थोडं थांबा.

खाण्याचं नीट सांगते, कारण आई-बाबा शाकाहारी असतील तर इथे घोटाळा होतो. ग्रुयेर चीज बनवताना दूध थिजवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. फोंड्यूत, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, ग्रुयेरबरोबर व्हाइट वाइनही असते. मेरँग या कुरकुरीत गोड पदार्थात अंड्याचा पांढरा भाग असतो. माझी आई यातलं काही खात नाही, आणि हे मी तिला खाण्याआधी सांगितलं याचं मला समाधान आहे. तिने नुसती डबल क्रीम स्ट्रॉबेरीबरोबर खाल्ली. लाकडी भांड्यात येते, चमचा उभा राहील इतकी घट्ट. आई म्हणाली, चुलीवरच्या दुधाची साय अशी असायची.

खायचं नसलं तरी स्टेशनसमोरच्या चीजच्या कारखान्यात जरूर जा. काचेपलीकडे तांब्याचे प्रचंड हंडे दिसतात. तारांची चौकट फिरते आणि खरवसासारखं थिजलेलं दूध गव्हाच्या दाण्याएवढं बारीक होतं. ४०० लिटर दुधातून साधारण ३५ किलोचं एक चाक निघतं आणि ते तळघरात महिनोन्‌महिने मुरतं. चीज बनवणं बहुतेक दिवशी उशिरापर्यंत चालत नाही, म्हणून सकाळी आधी हे बघा आणि मग वर गावात जा. आम्ही उलटं केलं आणि रिकामे हंडे बघून आलो. त्यासाठी मी नंतर एकटी परत गेले.

ब्रॉकचा चॉकलेट कारखाना जवळच आहे. लहान मुलं बरोबर नसतील तर सोडून द्या.

आणखी एक. रस्त्यावरचे गोटे पावसात फार निसरडे होतात, चांगल्या पकडीचे बूट घाला आणि किल्ल्याकडच्या उतारावर आईंचा हात सोडू नका. पिशवीत दोघांसाठी मोज्यांचा एकेक जादा जोड ठेवा. माझी आई परतीच्या गाडीत सव्वा तास ओल्या पायांनी बसली होती आणि उतरेपर्यंत तिने मला सांगितलं नाही.