मालवणला डायव्हिंगसाठी कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याला कोणते हाउसिंग आणि कोणती लेन्स घ्यावी?

आपल्याकडे 24 ते 70 मिलिमीटर झूमचा कॉम्पॅक्ट कॅमेरा आहे, डिसेंबरात मालवणला जायचे आहे आणि हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याचे पाणबंद कवच, घेतल्यावर उरणाऱ्या पैशांत वाइड लेन्स घ्यावी की क्लोज-अप, असे आपण विचारले आहे. माझे मत क्लोज-अपच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण कॅमेऱ्यात नसून आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात आहे.

अंदमानच्या फोटोंतले निळेशार पाणी मनात धरून मालवणात उतरलेला माणूस हमखास निराश होतो. पाऊस संपून बराच काळ लोटला तरी इथल्या पाण्यात बारीक गाळ तरंगत असतो आणि भरती-ओहोटीच्या ओढीने तो पुन्हा ढवळला जातो. दोन मीटरवरचा मासा डोळ्यांना स्पष्ट दिसला तरी फोटोत तो ताकात बुडाल्यासारखा येतो. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश लावला तर आणखीच बिघडते, कारण आंबोली घाटातल्या धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते, तसा तो प्रकाश प्रत्येक कणावर आपटून परततो. म्हणून लेन्स आणि विषय यांच्यामधले पाणी कमी करणे हाच खरा उपाय ठरतो. क्लोज-अप लेन्स लावून खडपावरचे समुद्रफूल किंवा नखाएवढी समुद्री गोगलगाय वीतभर अंतरावरून टिपली, तर मध्ये गाळ जवळजवळ उरतच नाही. प्रकाशासाठी बाजूने धरलेली लहान टॉर्चही पुरते आणि खोलीबरोबर विरून जाणारा लाल रंग तिच्यामुळे परत दिसू लागतो.

वाइड लेन्स निरुपयोगी आहे असे मात्र नाही. हाउसिंगच्या सपाट काचेमागे, पाण्यातल्या अपवर्तनामुळे, आपली 24 मिलिमीटरची लेन्स जवळजवळ 32 मिलिमीटरसारखी वागते. ही गेलेली रुंदी बाहेरून लावायची वाइड लेन्स परत मिळवून देते, परंतु ती महाग आणि जड असते आणि अनेक कॅमेऱ्यांवर कोपरे काळे येऊ नयेत म्हणून थोडे झूम करावे लागते. ती पुढच्या हंगामावर ढकलावी.

हाउसिंग निवडताना खोलीच्या आकड्याला भुलू नये. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना नेतात ते पाणी उथळ असते, त्यामुळे 40 मीटरचे पॉलिकार्बोनेटचे हाउसिंग पुरेसे होते आणि ॲल्युमिनियमवर दुप्पट-तिप्पट खर्च करण्याचे कारण उरत नाही. पोर्टला, म्हणजे हाउसिंगच्या पुढच्या काचेच्या भागाला, लेन्स फिरवून बसवायचा 67 मिलिमीटरचा आटा आहे का आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा तोल, हाताने ठरवण्याच्या बटणापर्यंत बाहेरून बोट पोहोचते का, हे दुकानातच पाहून घ्यावे. आटा असला म्हणजे लेन्स पाण्यातच लावता-काढता येते. लावल्यावर ती किंचित सैल करून आत अडकलेले बुडबुडे बाहेर काढायचे, एवढे लक्षात ठेवावे. फोटोच्या नादात प्रवाळावर हात किंवा गुडघा टेकू नये. हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे.

माझा पहिला कॅमेरा तारकर्लीला एका केसामुळे गेला. होडीवर, वाऱ्यात, कार्ड बदलण्यासाठी मी हाउसिंग उघडले आणि ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर, पडलेला तो केस मला दिसलाच नाही. खाली गेल्यावर काचेच्या कोपऱ्यात एक थेंब सरकताना दिसला तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून मी हाउसिंग आदल्या रात्री एसीच्या खोलीत, सिलिका जेलची पुडी घालून बंद करतो, म्हणजे आतून वाफही धरत नाही, आणि होडीवर ते ओल्या पंचात गुंडाळून ठेवतो. आपणही पहिल्या बुडीला कॅमेरा मुक्कामाच्या खोलीतच ठेवावा आणि हाउसिंगमध्ये नुसता टिश्यू पेपर घालून ते खाली न्यावे. वर आल्यावर कागद कोरडा निघाला, तरच दुसऱ्या बुडीला कॅमेरा आत घालावा.