बँक म्हणते २८, सेल्सवाला म्हणतो ३४

प्रश्न: नाशिकला अंबड एमआयडीसीत नोकरीला आहे, हातात ५५ हजार येतात. पाथर्डी फाट्याला टूबीएचके बघितलाय, ॲग्रीमेंट ४२ लाखांचं, अजून चौथा स्लॅब चालू आहे. सेल्सवाला म्हणाला ८० टक्के लोन आरामात होतं, म्हणून आम्ही ३४ लाख धरून चाललो होतो, आणि बँकेने सँक्शन दिलं २८ चं. तो म्हणतो आमच्या ओळखीच्या बँकेतून वाढवून देतो, पण आधी ६ लाख भरा, कुंभमेळा तोंडावर आलाय, रेट चढणार. बाईकचा ३२०० चा हप्ता चालू आहे, अजून ८ राहिलेत. काय करू?
– एक वाचक, सिडको

उत्तर: दादा, आधी ते ६ लाख खिशातच ठेवा. रेरा कायद्यात, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यात, स्पष्ट आहे, ॲग्रीमेंट रजिस्टर झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, म्हणजे तुमच्या केसमध्ये ४ लाख २० हजार, त्यावर एक रुपया नाही. आणि तेवढे देतानाही "लोन नाही झालं तर बुकिंगचे पैसे परत" हे लिहून घ्या, तोंडी "हो हो साहेब" चालत नाही. कुंभमेळ्याचं म्हणाल तर सिंहस्थ २०२७ ला आहेच, पण त्याच्या नावाने घाई करणाऱ्याचं टार्गेट बहुतेक याच महिन्याचं असतं.

आता ८० टक्के. सेल्सवाला खोटं बोलला नाही, अर्धंच बोलला. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की ३० लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या लोनला ८० पर्यंत आणि त्याच्या वर ७५. ही झाली वरची मर्यादा. बँक दुसऱ्या बाजूने तुमचा पगारही बघते आणि दोन्हींत जे कमी येईल तेवढंच देते. साधारण हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यात सगळे हप्ते बसायला हवेत, म्हणजे तुमचे २७,५००, त्यातून बाईकचे ३२०० गेले, उरले २४,३००. साडेआठ टक्क्याने २० वर्षांना लाखाला ८६८ रुपये हप्ता पडतो, करा भागाकार, बरोबर २८ लाख येतात. बँकेने तुमच्यावर डूख धरलेला नाही, बरंचसं बाईकने खाल्लंय ते.

म्हणून ओळखीची बँक शोधण्याआधी बाईकचे उरलेले २५-२६ हजार भरून टाका, लोन फिटल्याची एनओसी घ्या आणि त्याच बँकेत फाईल पुन्हा टाका, साडेतीन लाखांच्या आसपास पात्रता वाढेल. मुदत २५ वर्षं केली तरी आकडा वाढतो, पण २८ लाखांवरच व्याजासकट नऊ लाखांहून जास्त जादा भराल, त्यामुळे ते शेवटचं औषध.

बिल्डरची बँक वाईटच असं मी म्हणत नाही. प्रोजेक्ट आधीच अप्रूव्ह असला की लीगल-व्हॅल्युएशनची कटकट वाचते. पण सक्ती कुणी करू शकत नाही, आणि बँकेने प्रोजेक्ट अप्रूव्ह केला म्हणजे पझेशन वेळेत मिळेल अशी काही हमी नाही. "ॲग्रीमेंट थोडं फुगवून दाखवू, लोन जास्त बसेल" असं कुणी सुचवलं तर उठून या. बँकेचा व्हॅल्युअर स्वतः येतो, कमी किंमत धरली जाते आणि तुम्ही फुगवलेल्या रकमेवर स्टॅम्प ड्युटी भरून बसता.

वरचा खर्चही आताच मांडा, कारण लोन बसवताना बँक स्टॅम्प ड्युटी घराच्या किमतीत धरत नाही, ते पैसे तुमचेच. अडीच लाखांच्या आसपास ड्युटी, ३० हजार रजिस्ट्रेशन आणि जीएसटी. कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत आणि किंमत ४५ लाखांच्या आत असली तर जीएसटी १ टक्काच, कुणी ५ लावला तर विचारा का म्हणून. घर फक्त वहिनींच्या नावावर घेतलंत तर ड्युटीत १ टक्का सूट आहे, ४२ हजार वाचतील, मात्र दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही.

आणि एक, जे कुणी सांगत नाही. लोनचे पैसे बँकेकडून एकेक स्लॅब पडेल तसे सुटतात, सगळे सुटेपर्यंत सुटलेल्या रकमेवर नुसतं व्याज भरायचं. १४ लाख सुटले की महिन्याला दहा हजारांच्या जवळ, आणि सिडकोतलं भाडं चालूच. ते झेपत असेल तरच पुढे जा.

प्रश्न: ३० लाखांच्या होमलोनसोबत १ लाख ४० हजारांचा इन्शुरन्स लोनमध्येच टाकलाय, घेतला नाही तर सँक्शन अडकेल म्हणतात. खरंच कंपल्सरी असतो का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर: नाही ताई. "मला नको" असा मेल टाका आणि अडवणार असाल तर कारण लेखी द्या म्हणा, बऱ्याचदा तिथेच विषय संपतो. लोनमध्ये घातलेल्या त्या १ लाख ४० हजारांचा २० वर्षांत पावणेतीन लाखांहून जास्त हप्ता होतो. घरात कमावणारी तुम्ही एकट्याच असाल तर कव्हर हवंच, पण साधा टर्म प्लॅन, म्हणजे नुसता आयुर्विमा, बाहेरून घ्या, स्वस्त पडतो आणि लोन दुसऱ्या बँकेत नेलं तरी तुमच्याजवळच राहतो. सही करण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट मागा, १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या लोनला ते द्यावंच लागतं, सगळे चार्जेस एका कागदावर दिसतात. बँकेने दाद दिली नाही तर ३० दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

प्रश्न: म्हसरूळला गुंठ्यातल्या जागेवर रो हाऊस मिळतंय, बरंच स्वस्त. दोन बँकांनी नाही म्हटलं, एक फायनान्सवाला १२ टक्क्याने देतो म्हणतो. घेऊ का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर: काका, बँका का नाही म्हणाल्या ते आधी विचारलंत का? बिनशेतीची ऑर्डर नाही, बांधकाम परवानगी नाही, की सातबाऱ्यावर भावकीची दहा नावं? यातलं काही असेल तर स्वस्त आहे ते त्यामुळेच, आणि उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्यालाही बँक हेच उत्तर देईल. कागद घेऊन स्वतःच्या वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, करून घ्या, विकणाऱ्याने दिलेल्या वकिलाकडून नको. तोवर टोकन देऊ नका, अक्षय्य तृतीया असली तरी.