पुणे कुठे आणि कसं वाढलं, हे उपग्रहाच्या चित्रांवरून स्वतः तपासता येतं का?

हो, येतं, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. तुम्ही विचारलंय की १९९० च्या आसपासचं पुणे आणि आजचं पुणे यांची तुलना सामान्य माणसाला जमेल का, आणि त्यातून निघालेल्या आकड्यावर विश्वास ठेवावा का. मी नकाशांच्या कामात आहे, म्हणून दुसऱ्या भागावर जास्त लिहितो. चुका तिथेच होतात.

चित्रं लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची घ्या. लँडसॅट ५ हा उपग्रह १९८४ साली सोडला आणि २०१३ पर्यंत तो चालला. पुढे ८ आणि ९ आले. २००८ पासून हा साठा सगळ्यांना मोफत खुला आहे. २०१५ नंतरसाठी युरोपचा सेंटिनेल-२ आहे, त्याची चित्रं जास्त बारीक. गूगल अर्थ इंजिन या उपग्रह-चित्रं तपासायच्या ऑनलाइन साधनावर दोन्ही मिळतात. नुसतं बघायचं असेल, तर गूगल अर्थचा टाइमलॅप्स उघडून हिंजवडी, खराडी, वाघोली, उंड्री असे फिरून या.

बारीक म्हणजे किती, ते गुंठ्यात सांगतो. सेंटिनेलचा एक पिक्सेल, म्हणजे चित्रातला सर्वांत लहान चौकोन, १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. लँडसॅटचा ३० बाय ३०, म्हणजे सुमारे नऊ गुंठे. आता शहराच्या कडेची गुंठेवारी डोळ्यांपुढे आणा: एक-दोन गुंठ्यांवर घर, शेजारी मोकळा प्लॉट, पलीकडे ज्वारी. या सगळ्याचा मिळून एकच रंग नोंदला जातो. त्यामुळे जुन्या चित्रांत अशी वस्ती दाट झाल्यावरच दिसू लागते, उलट मगरपट्ट्यासारखं सलग बांधकाम लगेच उठून दिसतं. नकाशा पाहून ‘अमुक साली इथे काहीच नव्हतं’ असं म्हणताना हे फार सांभाळावं लागतं. तिथे माणसं राहत असतात.

दुसरी गोष्ट महिन्याची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. उपग्रहाला घर कळत नाही, त्याला फक्त परावर्तित प्रकाश कळतो. बांधकाम ओळखण्याचा नेहमीचा निर्देशांक शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड आणि निअर इन्फ्रारेड या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या दोन पट्ट्यांतल्या फरकावर चालतो, आणि त्यात वाळलेली उघडी जमीन काँक्रीटसारखीच दिसते. मे महिन्याचं चित्र घेतलं तर नांगरून ठेवलेली शेतं आणि टेकड्यांचे उघडे उतार बांधकामात मोजले जातात, शहर फुगतं. पावसाळ्यात ढग. म्हणून दोन्ही वर्षांची चित्रं दिवाळीच्या आगेमागेची घ्या. खरीप निघालेली काही रानं तेव्हाही उघडी असतात, तर त्यानंतरच्या फेब्रुवारीचं चित्रही जोडीला ठेवा. रब्बीचं रान तोवर हिरवं होतं. दोन्ही वेळा जे बांधकाम दिसतं, तेच धरा.

हद्दही एकच ठेवा. महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली. जुन्या वर्षाला जुनी हद्द आणि नव्याला नवी लावलीत, तर त्या गावांत आधीपासून असलेली घरंही ‘वाढ’ म्हणून निघतील.

एका गोष्टीसाठी मात्र ही चित्रं पुरत नाहीत, आणि पुण्यात तीच सगळ्यांत गरजेची आहे: ओढे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आपण विसरू शकत नाही. पाच-सहा मीटरचा ओढा दहा मीटरच्या पिक्सेलमध्ये सापडत नाही. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट, म्हणजे ओढे-टेकड्या दाखवणारा सविस्तर नकाशा, घ्या, तिच्यावरच्या निळ्या रेघा गूगल अर्थवर आणा आणि जुन्या तारखांची चित्रं मागेपुढे करून बघा. रेघेवर छप्पर दिसलं, तर तिथे प्रत्यक्ष जाऊन खात्री करा. टोपोशीट बसवताना रेघ थोडी सरकू शकते, आणि कुणाच्या घरावर बोट ठेवण्याआधी एवढं करायलाच हवं.