शटल राहू द्या, आधी प्रेशर फूटकडे बघा

तुम्ही चौघांनी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी काळी पायमशीन घेतलीत आणि चार बदल ठरवलेत: निडल बार (सुई धरणारा दांडा) ॲल्युमिनियमचा, सुईचा दोरा खालच्या दोऱ्यात अडकवणाऱ्या झुलत्या शटलच्या जागी गोल फिरणारा रोटरी हुक, सगळीकडे बॉल बेअरिंग आणि पायडलला सायकलचं, एकाच दिशेला जोर देणारं फ्रीव्हील. मशीन वापरणार बचत गटातल्या बायका, शिवणार कॅनव्हासच्या पिशव्या. यातलं काय करावं, असं विचारलंय.

सोलापुरात युनिफॉर्मवाल्यांच्या आणि घरगुती मशिनी दुरुस्त करण्यात माझी तीसेक वर्षं गेली, त्या जोरावर सांगतो. पहिले दोन सोडा. बेअरिंगचं अर्धंच करा. फ्रीव्हील करा, पण उलट्या बाजूने. आणि जो तुमच्या यादीत नाहीच, त्या प्रेशर फूटला, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या भागाला, आधी हात घाला.

निडल बारचं गणित कागदावरच मिटतं. सुईचा स्ट्रोक 32 मिमी धरा, बार आणि क्लॅम्प मिळून वजन 60 ग्रॅम धरा. पाय चांगला बसलेली बाई मिनिटाला 600 टाके घालते. त्या वेगाला बार वर-खाली फिरवताना जास्तीत जास्त जोर लागतो तो जेमतेम 4 न्यूटन, म्हणजे 400 ग्रॅम वजनाइतका. तेच गणित 5000 टाक्यांच्या कारखान्याच्या मशीनला लावा, आकडा 260 न्यूटनच्या वर जातो. जोर वेगाच्या वर्गात वाढतो ना. तिथे बार हलका करण्यात अर्थ आहे. पायमशीनवर ॲल्युमिनियम बसवून तुम्ही वाचवणार दोन-अडीचशे ग्रॅमचा जोर, आणि बार मात्र बुशमध्ये (तो ज्या नळीतून सरकतो तिच्यात) घासून लवकर झिजवणार. व्हायव्हामध्ये स्लाइड छान दिसेल, एवढंच.

रोटरी हुकची कल्पना वाईट नाही, पण तुम्ही तिला सुटा भाग बदलण्याचं काम समजताय. या मशीनचा खालचा शाफ्ट फिरतच नाही, झुलतो. वरच्या शाफ्टच्या क्रँकवरून एक लांब दांडा खाली येतो, तो रॉक शाफ्टला हलवतो आणि त्याच्यामुळे शटल अर्ध्या फेऱ्यापेक्षा थोडं जास्त जाऊन परत येतं. रोटरी हुकला एका टाक्यात दोन पूर्ण फेरे हवेत. म्हणजे नवा फिरता शाफ्ट, एकास दोनचे गिअर किंवा दात्यांचा पट्टा, आणि बेडमध्ये नवी भोकं. एवढं करूनही भागत नाही, कारण टेक-अपचा, म्हणजे दोरा सोडून परत वर ओढणाऱ्या दांडीचा, कॅम कापलेला असतो तो झुलत्या शटलला दोरा कधी आणि किती लागतो त्यावरून. हुक बदलला की तो हिशोबच बदलतो. ती मग नवी मशीन झाली. दोन सेमिस्टरमध्ये चौघांना ती जमेल असं मला वाटत नाही.

शटलची खटखट कमी करू म्हणून त्याच्या आणि ड्रायव्हरच्या मधली फट बुजवायचा विचार कुणाच्या डोक्यात येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. एकदा दुपारच्या निवांत वेळी शटलवरची सरकती प्लेट उघडा, शटलवर टॉर्च मारा आणि चाक हाताने हळू फिरवा. सुई अगदी खाली जाते, मग दोनएक मिमी वर येते. नेमक्या त्या क्षणी सुईच्या चपट्या बाजूला दोऱ्याचा छोटासा फुगा येतो. एका बाजूचा दोरा सुईच्या खोबणीत लपलेला असतो, दुसऱ्या बाजूचा कापडाच्या घर्षणाने अडकून बाहेर फुगतो. शटलचं टोक त्या फुग्यात घुसतं. टोक आणि सुई यांच्यातलं अंतर वहीच्या पानाच्या जाडीइतकंही नसतं. मग तो फुगा मोठा होत अख्ख्या शटलभोवती, आतल्या बॉबिन केससकट, वळसा घालतो आणि शटल-ड्रायव्हरच्या त्या फटीतूनच सुटून वर ओढला जातो. फट बुजवलीत तर दोरा चिमटणार आणि तुटणार. एका हौशी मेकॅनिकने पितळेची पत्री झाळून बुजवलेली मशीन माझ्याकडे आली होती. आवाज खरंच गेला होता. टाकाही गेला होता.

हा फुगा नीट बघून ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. सुई वर येताना कापडही तिच्याबरोबर उचललं गेलं, तर दोरा अडकत नाही, फुगा येत नाही, टाका सुटतो. म्हणजे टाका सुटला की शटलचं टायमिंग गेलं असं धरून चालायचं नाही. माझ्याकडे ‘टायमिंग गेलंय’ म्हणून येणाऱ्या मशिनींपैकी बऱ्याचशांचं टायमिंग जागेवर असतं. कापड दाबलेलं नसतं, नाहीतर सुईप्लेटचं भोक घासून मोठं झालेलं असतं, नाहीतर सुईच वाकलेली असते.

जुना इतिहासही हेच सांगतो. एलियास हावने 1846 मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं त्या मशीनमध्ये नेढं टोकाशी असलेली सुई होती, शटल होतं, वरचा-खालचा दोरा एकमेकांत अडकवणारा लॉकस्टिच होता. अडचण होती ती कापड धरण्याची: एका उभ्या पट्टीवरच्या टाचण्यांना कापड अडकवायचं, पट्टी संपली की थांबून पुन्हा अडकवायचं. पुढच्या आठ-दहा वर्षांत कापड आडव्या मेजावर आलं, त्यावर स्प्रिंगचा फूट आला आणि ॲलन विल्सनने वर, पुढे, खाली, मागे अशी चार चालींची दातपट्टी आणली. तीच आजही तुमच्या मशीनच्या प्लेटखाली आहे. मशीन घरोघर जाण्याजोगी झाली ती कापड धरायची आणि सरकवायची सोय झाल्यावर.

आता पिशव्या. 2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर आमच्याकडेही बऱ्याच गटांनी हे काम धरलं. पिशवीच्या बाजूला कॅनव्हासचे दोन थर, आणि जिथे दुमडलेला बंद तोंडाच्या पट्टीत शिरतो तिथे सहा-सात. बाई सरळ शिवत येते, त्या उंचवट्याशी फूटचं नाक वर होतं, टाच खाली राहते, दाते नुसते घासतात, एकाच जागी चार टाके पडतात. मग ती कापड मागून ओढते, सुई वाकते, शटलच्या टोकावर आपटते आणि मोडते. दिवसाला दोन-तीन सुया मोडणं हे त्यांनी नशिबाचं मानलंय. तुमचा प्रोजेक्ट मला तरी इथे दिसतो.

फूटच्या दांड्यावरची स्प्रिंग आखूड आणि कडक असते. उदाहरणादाखल आकडे घेऊ. दोन थरांवर दाब 30 न्यूटन हवा आणि स्प्रिंग मिमीला 3 न्यूटनची आहे. उंचवट्यावर फूट 6 मिमी वर गेला की दाब 48 होतो. नेमकं जिथे कापड सरकायला जड, तिथेच फूट जास्त दाबतो. म्हणून बायका वरचा स्क्रू सैल करून ठेवतात, मग पातळ जागी दाब पुरत नाही आणि टाके सुटतात. तीच स्प्रिंग मिमीला 1 न्यूटनची केली आणि आधीच 30 पर्यंत दाबून बसवली, तर उंचवट्यावर दाब होतो फक्त 36. दोन्हीकडे एकच सेटिंग चालतं.

मेख आहे ती जागेत. वेढे तिप्पट केले की स्प्रिंग तिप्पट मऊ होते, पण 30 न्यूटनपर्यंत न्यायला ती 10 ऐवजी 30 मिमी दाबावी लागते, आणि हेडमध्ये तेवढी उंची नाही. तार 1.6 ऐवजी 1.2 मिमीची घेतली तरी कडकपणा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातात जातो. पण त्याच दाबाला तारेतला ताण जवळपास दोन पूर्णांक चार पट होतो. तो स्प्रिंगच्या तारेला झेपतो का, हे तुम्हीच काढा. नाही झेपलं तर हेडच्या मागे छोटी तरफ आणि आडवी ताणाची स्प्रिंग लावता येईल. मी स्वतः तसं करून पाहिलेलं नाही, पण मागे जागा भरपूर आहे. याच्याच जोडीला फूट बिजागरीचा घ्या आणि त्याला आडवी पिन द्या, जी दाबली की फूट सपाट अवस्थेत अडकून राहील. आज बायका टाचेखाली कापडाची घडी सरकवतात, ते काम ती पिन करेल.

पायाकडे येऊ. नवशिकीचा पाय चुकतो, चाक उलटं फिरतं, खाली दोऱ्याचा गुंता होतो. म्हणून तुम्हाला फ्रीव्हील सुचलं, दुखणं बरोबर पकडलंत. पण सायकलसारखं पायडल आणि चाक यांच्यामध्ये फ्रीव्हील घातलंत तर पायाचा ब्रेक जातो. सराव असलेली बाई पायडल उलट धरून ठरलेल्या टाक्यावर मशीन थांबवते, कोपरा वळताना सुई कापडातच ठेवते. तिच्याकडून ते काढून घेतलंत तर ती मशीन दुसऱ्या दिवशी परत करेल. पायडल-चाकाचा सांधा जसा आहे तसाच राहू द्या. स्टँडचं मोठं चाक ज्या स्थिर खिळ्यावर फिरतं, तो खिळा आणि चाक यांच्यामध्ये एकाच दिशेला फिरणारं रोलर क्लच बेअरिंग बसवा. मग चाक उलटं जाणारच नाही, ब्रेक मात्र शाबूत. हे वर हेडच्या शाफ्टवर बसवू नका. शटलमध्ये दोरा अडकला की मशीन हाताने अर्धा फेरा मागे घ्यावी लागते. क्लच खाली असेल तर पट्टा उतरवून ते करता येतं.

बॉल बेअरिंग पायडलपासून मोठ्या चाकाला जाणाऱ्या दांड्याच्या दोन टोकांना आणि पायडलच्या सांध्यांना घाला, तिथे खरंच फायदा आहे. पायडल जिथे टोकदार स्क्रूवर बसतं तिथली स्क्रू-नटची सोय मात्र काढू नका. झीज झाली की पाव फेरा आवळून खडखड बंद करता येते, बेअरिंग झिजलं की बदलावंच लागतं. वर निडल बारला साधं बॉल बेअरिंग चालतच नाही, ती सरळ ये-जा आहे. तिथे तेल मुरवलेलं सिंटर्ड (भुकटी दाबून भाजलेल्या, सच्छिद्र) ब्रॉन्झचं बुश घाला. कॅनव्हासवर तेलाचे डाग पडायचे थांबतील, आणि खोबरेल तेल घालून थंडीत मशीन थिजवणाऱ्यांची सोयही होईल. बुश ठोकल्यावर आतून आवळतं, तेव्हा रीमर (भोक कापून मापाला आणणारं हत्यार) फिरवायचा मोह होईल. फिरवू नका, छिद्रं बुजतात आणि तेल बाहेर येत नाही. गुळगुळीत पिन दाबून माप काढा.

मोजमापाला महागडं काही नको. पट्टा काढून पायडल एकदा पूर्ण दाबा आणि सोडा, चाक किती फेरे मोकळं फिरतं ते मोजा. भाजीवाल्याचा हुकाचा काटा फूटच्या दांड्याला अडकवून दोन थरांवर आणि सहा थरांवर दाब घ्या. पन्नास पिशव्यांमागे किती सुया मोडल्या ते बायकांनाच वहीत लिहायला सांगा. हे सगळं बदलाच्या आधी, आणि मग नंतर.

क्लच बेअरिंग मागवण्याआधी तुमच्या स्टँडचा खिळा कॅलिपरने मोजा. वेगवेगळ्या कारखान्यांचे स्टँड दिसायला सारखे असले तरी खिळा सारखा नसतो. शिवाय या बेअरिंगचे रोलर थेट खिळ्यावर फिरतात, त्यामुळे तो कडक केलेला हवा. स्टँडबरोबर आलेला बहुतेक मऊ निघेल. तेव्हा कडक केलेली इनर रिंग वेगळी मागवा आणि तिच्या मापाने खिळा लेथवर उतरवून घ्या.