गुण सारखे, मग पुढे कोण?

प्रश्न: फुटबॉल विश्वचषकाचे निकाल मी वहीत टिपून ठेवतो. २०२२ मध्ये उरुग्वेने घानाला २-० हरवलं, तरी तो संघ बाहेर आणि दक्षिण कोरिया बाद फेरीत! गुण तर दोघांचेही ४ होते.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: तुमच्या तक्त्यात केलेले गोल आणि खाल्लेले गोल असे दोन रकाने वाढवा, म्हणजे उलगडा होईल. कोरियाने ४ गोल केले, ४ खाल्ले. उरुग्वेने २ केले, २ खाल्ले. दोघांचा गोलफरक शून्य. मग केलेले एकूण गोल मोजले गेले आणि कोरिया वर आला. शेवटच्या दिवशी गटातले दोन्ही सामने एकाच वेळी असतात, त्यामुळे एकाच सामन्याकडे पाहून हिशेब चुकतो.

पिवळ्या-लाल कार्डांसाठीही रकाना हवाच. २०१८ मध्ये जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोलफरक, गोल सगळं सारखं होतं. आपसातला सामनाही २-२. जपानची पिवळी कार्डं ४, सेनेगलची ६, म्हणून जपान पुढे गेला. आमच्या मते बाद होण्याचं हे फार कठोर कारण आहे, पण नियम आधीच छापलेला होता. युरो स्पर्धेत तर गोलफरकाआधी आपसातला सामना पाहतात. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर त्या-त्या स्पर्धेचा नियमक्रम उतरवून घ्या.

पेनल्टी शूटआउट, म्हणजे बरोबरी सुटली नाही की आळीपाळीने मारलेल्या पेनल्टी, वेगळं लिहा. २०२२ ची अंतिम लढत ३-३ अशीच नोंदवायची, कंसात ४-२. फ्रान्सच्या एम्बापेच्या स्पर्धेतल्या ८ गोलांत शूटआउटचा गोल धरलेला नाही.