खान्देशात कोळीवाडा ते कुंभारवाडा अशी काठाकाठाने जाणारी शांत वाट आहे का?

तुम्हाला हवं आहे कोकणासारखं चालणं. एका टोकाला जाळी वाळत घातलेली, दुसऱ्या टोकाला माठ, मध्ये फक्त पाणी आणि पाय. आता खान्देशात समुद्र कुठून आणू? पण तापी आहे. मुलताईहून निघून सुरतेजवळ समुद्राला मिळेपर्यंत ती ७२४ किलोमीटर वाहते, आणि तिच्या काठी मासे धरणारे भोईही आहेत आणि कुंभारही.

मी सांगेन नंदुरबार जिल्ह्यातलं प्रकाशा ते शहादा. प्रकाशाला गोमाई तापीला मिळते आणि शहादा त्याच गोमाईच्या काठावर आहे, त्यामुळे वाट चुकायची भीती नाही. केदारेश्वराच्या घाटावर गर्दी असते, तिथे रेंगाळू नका. भोई लोकांच्या नावा पाहायच्या तर उजाडताच जा. जाळ्यातून मासे सोडवायचं काम तेव्हाच चालतं, ऊन चढलं की सगळं आवरलेलं असतं. तापीवरच्या बॅरेजमुळे (बंधाऱ्यामुळे) पाणी आता तुंबून राहतं. पूर्वी उन्हाळ्यात पात्र उघडं पडायचं तेव्हा भोई वाळूत डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वाड्या लावायचे. मला विचाराल तर पाण्याच्या बदल्यात ही मोठीच किंमत दिली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आपण कुंभाराची घागर भरतो आणि तिच्यावर डांगर ठेवतो ना, ती दोन्ही याच नदीची.

पुढे गोमाईच्या काठाने निघालात की पपई, केळी, ऊस. शेतातून जाताना बांधानेच चाला. कोणी ना कोणी "कथा जाई राहिनात, भाऊ?" (कुठे चाललात?) असं अहिराणीत विचारेलच, उत्तर द्या, चहा मिळतो. काठाची माती भुसभुशीत आहे, दरडीच्या कडेवर उभं राहून फोटो काढू नका. पावसाळ्यात तर जाऊच नका: काळी माती बुटाला धरून बसते आणि वरून पाणी सोडलं की तापी बघता बघता चढते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेच्या उन्हात हा खेळ नको.

शहाद्याला पोचल्यावर कुंभारांचं घर विचारा. चाक बघायला हरकत नसते, पण आवा (मडकी भाजायची भट्टी) लावलेला असेल तर मध्ये मध्ये करू नका. मातीत लीद का मिसळता, हे मात्र जरूर विचारा. भाजताना ती जळून जाते, माठाला बारीक छिद्रं राहतात, त्यातून पाणी पाझरतं आणि वाऱ्यावर उडतं, म्हणून आतलं पाणी गार. माठ घ्यायचा तर बोटाने वाजवून घ्या.

एक गोष्ट जाण्याआधी माहीत असू द्या. प्रकाशाच्या टेकाडावर १९५५ च्या सुमारास पुरातत्त्व खात्यातर्फे बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, त्यात ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती निघाली. तापीकाठच्याच सावळदा गावावरून सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका संस्कृतीला नाव मिळालंय, आणि तिच्या मडक्यांवर बाणांची टोकं, मासेमारीची हत्यारं रंगवलेली आहेत. मासे धरणारे आणि मडकी घडवणारे या खोऱ्यात तेव्हापासून आहेत, एवढं डोक्यात असलं की चालताना बघायची नजर बदलते. टेकाडावर खापरं दिसली तर खिशात घालू नका, तो गुन्हा ठरू शकतो.

परतीला शहाद्याहून नंदुरबारची एसटी धरा, ती प्रकाशावरूनच जाते. गाडी तिथे लावली असेल तर मध्येच उतरता येईल.